तबेल्यातली झुंबरं

घोडा जिथे उभा राहायचा त्या खणात आज नवरीचा साजशृंगार होतो, याला माझी मुळीच हरकत नाही. इमारत रिकामी पडून कोसळण्यापेक्षा तिच्यात माणसं वावरलेली बरी. माझी हरकत आहे ती त्या खणातली गव्हाण उपटायला, मुताचा नाला सिमेंटनं बुजवायला, खांबातली लोखंडी कडी कापून वर गुळगुळीत फळ्या ठोकायला, आणि एवढं सगळं उरकल्यावर दारावर ‘ऐतिहासिक अश्वशाळा’ अशी पाटी लावून एका संध्याकाळचं भाडं उकळायला. जो इतिहास स्वतःच्या हातानं खरवडून फेकला, त्याचंच भाडं घेणं याला मी फसवणूक म्हणते. आणि ही फसवणूक आमच्या मराठी माणसांच्या पैशावर, आमच्या मुलामुलींच्या लग्नांतून बिनबोभाट पोसली जाते आहे.

मी राहते ते मॉरिसव्हिल नॉर्थ कॅरोलिनात आहे, रॅले आणि डरहम या दोन शहरांच्या मधे, रिसर्च ट्रँगल पार्कला खेटून. वस्ती तीस हजारांच्या घरात, आणि त्यात आपली माणसं इतकी की इथल्या चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. गावातलं बहुतेक बांधकाम गेल्या तीसेक वर्षांतलं. संगणकातली नोकरी, मुलांच्या शाळा, विमानतळ दहा मिनिटांवर. जुनं म्हणावं असं काही पाहायचं तर गावाबाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडलं की दर थोड्या मैलांवर एखादं जुनं शेतघर, त्यामागे घोड्यांचा तबेला, आणि त्या तबेल्यावर लग्नसमारंभाची जाहिरात.

मी वास्तुरचना शिकले आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचीच कामं करते. म्हणून आधी तबेला ही काय चीज असते ते सांगते. जिला लोक ‘नुसतं शेड’ म्हणतात, ती मला माहीत असलेल्या सर्वांत विचारपूर्वक बांधलेल्या इमारतींपैकी एक आहे.

पाचशे किलोचं जनावर बंद खोलीत ठेवायचं म्हणजे पेटती भट्टी ठेवण्यासारखं. ते रात्रभर उष्णता टाकतं, श्वासातून वाफ सोडतं, दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितं आणि त्यातलं बरंचसं जमिनीवर परत करतं. त्या मुताचा अमोनिया होतो. घोडा माणसासारखा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो. त्यामुळे हवा कोंडली की फुप्फुसं गेली, आणि फुप्फुसं गेली की घोडा गेला. म्हणून जुना तबेला उंच असतो. आढ्यावर हवा बाहेर जाण्यासाठी छोटं कौलारू घुमटीवजा तोंड असतं, खाली भिंतीत झडपा असतात. थंड हवा खालून शिरते, तापलेली वरून निघून जाते, आणि जनावराच्या पाठीवर वाऱ्याचा झोत मात्र येत नाही. खिडक्या मुद्दाम घोड्याच्या डोळ्यांच्या वर असतात, म्हणजे उजेड पडतो पण डोळ्यांवर तिरीप येत नाही. जमिनीला उतार असतो, पण इतकाच की मूत वाहून जावं आणि घोड्याच्या पायांवर ताण पडू नये. उताराच्या शेवटी उथळ नाला. उथळ अशासाठी की खूर अडकू नये. वर माळा, माळ्यावर वैरण, आणि माळ्याच्या तळात गव्हाणीच्या बरोबर वर झडप, म्हणजे एक माणूस वरून वीस जनावरांना चारा टाकू शकेल. गव्हाणीची कड घोडे दातांनी कुरतडतात, म्हणून तिच्यावर लोखंडी पट्टी. दरवाजा इतका रुंद की खोगीर चढवलेला घोडा कुठेही न घासता बाहेर पडावा.

यातली एकही गोष्ट शोभेसाठी नाही. प्रत्येक माप कुणीतरी जनावर पाहून, हात लावून, चुकून आणि पुन्हा करून ठरवलेलं आहे. तबेल्याचं सौंदर्य म्हणतात ते याच मापांतून येतं. उंच छत सुंदर दिसतं कारण त्याला काम होतं. एका ओळीत उभे असलेले खण सुंदर दिसतात कारण प्रत्येकात एक जीव उभा होता.

आता या इमारतीचं लग्नाच्या हॉलमध्ये रूपांतर करणारा कंत्राटदार काय करतो ते पाहा. तो सगळ्यांत आधी खण काढतो, कारण त्याला दोनशे पाहुण्यांची गोल टेबलं मांडायची असतात. खण गेले की खांब उघडे पडतात, मग नाचायला अडचण होते म्हणून दोन-चार खांबही जातात आणि वरचा भार पेलायला पोलादी तुळई येते. मग जमीन. उतार टेबलांना चालत नाही, म्हणून वर चार इंच काँक्रीट. नाला त्याखाली गाडला गेला. मग वातानुकूलन. वातानुकूलित हवा आढ्यावरच्या तोंडातून निसटते म्हणून ते तोंड बंद, आणि छताला आतून फेस फवारून सगळ्या फटी लिंपलेल्या. ज्या इमारतीचा प्राणच हवा होता तिचं नाक-तोंड दाबून झालं. शेवटी भिंतीत भलीमोठी काच, सूर्यास्ताच्या फोटोंसाठी. आणि आढ्याला झुंबर. झुंबर हे सगळीकडे असतंच. एकानं लावलं, दुसऱ्यानं पाहिलं, आता पन्नास मैलांत झुंबराशिवायचा तबेला सापडत नाही.

उरलं काय? तासलेल्या चार तुळया आणि एक उतरतं छप्पर. तेवढ्यासाठी जुनी इमारत कशाला हवी होती, हा प्रश्न मी विचारते तेव्हा मालक लोक माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहतात.

आणि यात नुसती भावनेची हानी नाही. विटांच्या किंवा दगडी तबेल्याच्या भिंतीत शंभर वर्षांचं मूत मुरलेलं असतं. त्यातले क्षार म्हणजे सोरा. जुन्या काळी तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा तबेल्यांच्या मातीतून आणि भिंतींवरून खरवडून घेत, तो याच कारणानं. भिंत चुन्याची असेल, तिला श्वास घेता येत असेल, तर ओल बाहेर पडते आणि क्षार पृष्ठभागावर फुलून येतात, झाडून टाकले की संपलं. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पोटात फुगतात आणि वीट आतून भुगा होत जाते. आपल्याकडे कोकणातल्या आणि पुण्यातल्या प्रत्येक जुन्या गवंड्याला भिंतीला लोणा लागणं माहीत आहे. इथल्या कंत्राटदाराला ते सांगितलं तर तो वर आणखी एक रंगाचा थर सुचवतो. दहा वर्षांनी ती भिंत पडते, आणि मग ‘इमारत मुळातच कमकुवत होती’ असं म्हणून सगळंच पाडायला परवानगी मागितली जाते.

या देशात नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारच्या अंतर्गत खात्यानं जुन्या इमारतींच्या पुनर्वापराचे दहा निकष घालून दिलेले आहेत. ते पाळून नोंदणीकृत ऐतिहासिक इमारत उत्पन्नासाठी वापरली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वजा होते. राष्ट्रीय उद्यान सेवेनं १९८९ साली खास धान्यकोठारं आणि तबेल्यांच्या जतनासाठी एक पत्रिका काढली. नको तिथे खिडक्या पाडू नका, आतली मोकळी जागा चिरफाळू नका, मूळ बांधणी लपवू नका, हे त्यात सरळ भाषेत लिहिलेलं आहे. पण निकष बांधतात ते करसवलत मागणाऱ्याला. ज्याला सवलत नको, ज्याची इमारत यादीत नाही, त्याला विचारणारं बहुतेक ठिकाणी कुणी नाही. आणि एका मोसमात तीस लग्नं लागणार असतील तर सवलत हवी कुणाला?

इथवर मी भिंतींबद्दल बोलले. मला जास्त संताप येतो तो यापुढच्या गोष्टीचा.

तबेला घोड्यांचा असतो असं आपण म्हणतो. त्यात घोड्यांपेक्षा जास्त वेळ माणसं असत. पहाटे चंदी भिजवणारी, खरारा करणारी, शेण ओढणारी, नाल ठोकणारी, आजारी घोडीपाशी रात्र काढणारी. मोतद्दार घोड्याशेजारीच झोपे, माळ्यावर नाहीतर रिकाम्या खणात. अमेरिकेच्या दक्षिणेत ही माणसं गुलाम होती. घोड्यांचं ज्ञान त्यांच्याकडे होतं, शर्यतीत घोडे तेच पळवत. नॉर्थ कॅरोलिनातल्या विली जोन्स या बड्या जमीनदाराचे घोडे सांभाळणारा आणि शर्यतीत पळवणारा ऑस्टिन कर्टिस हा गुलाम होता. स्वातंत्र्ययुद्धात त्यानं मालकाचे घोडे ब्रिटिशांच्या हाती लागू दिले नाहीत, म्हणून १७९१ साली राज्याच्या विधिमंडळानं त्याला मुक्त केलं. माणसाला स्वतःचं शरीर परत मिळालं ते मालकाचे घोडे वाचवल्याच्या बदल्यात. पुढे १८७५ साली पहिली केंटकी डर्बी झाली तेव्हा पंधरापैकी तेरा स्वार काळे होते आणि जिंकला तो ऑलिव्हर लुईसही काळाच होता. काही दशकांत काळ्या स्वारांना या धंद्यातून पद्धतशीर हुसकावण्यात आलं.

मॉरिसव्हिलहून उत्तरेला, डरहम ओलांडून गेलं की पाऊण तासाच्या आत स्टॅगव्हिल लागतं. बेनेहन आणि कॅमरॉन या सोयऱ्या घराण्यांची ही जमीन. १८६०च्या सुमारास त्यांच्या मालकीची जमीन होती तीस हजार एकर आणि माणसं होती सुमारे नऊशे. त्याच १८६० साली तिथे एक प्रचंड तबेला उभा राहिला, खेचरांसाठी. लांबी १३५ फूट, रुंदी ३३ फूट. बांधला गुलाम सुतारांनी. तो आजही उभा आहे. मी त्याच्या छताखाली उभी राहून वर पाहिलं आहे, आणि सुतारकामाचं इतकं उत्तम, इतकं निर्धास्त काम मी या राज्यात दुसरीकडे पाहिलेलं नाही. ज्यांनी हे केलं त्यांना मजुरी मिळाली नाही आणि ते स्वतःच मालकाच्या मालमत्तेच्या यादीत होते.

त्या तबेल्यापासून जवळच हॉर्टन ग्रोव्ह आहे. तिथे गुलामांची दोन मजली घरं आहेत, लाकडी सांगाड्यात विटा भरलेली. एका घरात चार खोल्या, एका खोलीत एक अख्खं कुटुंब. खेचरांना १३५ फुटांचं छत आणि माणसांना कुटुंबामागे एक खोली. ही मापं एकाच मालकानं, एकाच दशकाच्या आतबाहेर ठरवलेली आहेत. इथल्या धुराड्यांच्या विटांत बोटांचे ठसे आहेत, ओली वीट उचलताना उमटलेले. १९३०च्या दशकात सरकारनं गुलामीतून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यात या जमिनीवर जन्मलेले साय हार्ट, अ‍ॅबनर जॉर्डन, डॉक एडवर्ड्स बोलले आहेत. म्हणजे नावं मिळत नाहीत ही सबब चालत नाही. शोधली की नावं मिळतात.

तबेला बांधून पाच वर्षं होतात न होतात तोच, यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५मध्ये, उत्तरेचा सेनापती शर्मन याचं सैन्य या भागात आलं. आमच्या मॉरिसव्हिलच्या रेल्वे स्टेशनावर त्याच्या सैन्यातल्या किलपॅट्रिकच्या घोडदळाची चकमक झाली ती त्याच आठवड्यात. जेरेमाया मॉरिस नावाच्या शेतकऱ्यानं १८५२ साली रेल्वेला जमीन दिली, त्यावरून गावाला नाव पडलं. तेच ते स्टेशन. मग २६ एप्रिलला डरहमजवळ बेनेट प्लेसला दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन यानं शरणागती पत्करली. स्टॅगव्हिलची माणसं मुक्त झाली, पण जमीन मालकाचीच राहिली, आणि कित्येक कुटुंबं तिथेच वाट्यानं शेती करत राहिली, विसाव्या शतकातही. १९७६ साली लिगेट अँड मायर्स या तंबाखू कंपनीनं ती वास्तू राज्याला दिली.

आज त्या तबेल्यात काही नाही. खुर्च्या नाहीत, दिवे नाहीत. वाटाड्या तुम्हाला आत नेतो आणि कुणी बांधला, कुणासाठी बांधला ते सांगतो. मला विचाराल तर हाही आधुनिक वापरच आहे. राज्यानं त्या इमारतीला एक काम दिलं आहे, साक्ष देण्याचं, आणि ती ते काम चोख करते आहे.

आता आपल्याकडे वळते.

गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या घरांतली लग्नं तबेल्यांत लागू लागली आहेत. मुलांना ते ‘वेगळं’ वाटतं, आईवडिलांना फोटो आवडतात. अंतरपाट तुळईला बांधतात. नवरा घोडीवरून येतो, कारण हल्ली मराठी लग्नातही घोडी लागतेच. ती घोडी भाड्याची, तिला धरून चालणारा माणूसही भाड्याचा. मी एका लग्नात पाहिलं, त्या माणसाला कुणी पाणीही विचारलं नाही. ढोलताशांच्या कल्लोळात बिथरलेली घोडी तो दोन्ही हातांनी, कपाळाला कपाळ लावून शांत करत होता. वरात संपली, सगळे आत जेवायला गेले, तो ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिला. शंभर वर्षांपूर्वी त्या इमारतीत ज्या जागी मोतद्दार बसला असता, त्याच जागी तो बसला होता, आणि आत आम्ही पुरणपोळी खात ‘काय सुंदर जागा आहे’ म्हणत होतो. मी उठून ताट घेऊन गेले, हे मी कौतुकासाठी सांगत नाही. दीडशे माणसांत आणखी कुणालाही ते सुचू नये, याची मला लाज वाटली.

त्या जागेच्या मालकांना मी विचारलं की हा तबेला कुणी बांधला. त्यांनी मला मूळ जमीनदाराचं नाव आणि त्याच्या आवडत्या घोड्याचं नाव सांगितलं. घोड्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. ते छापील पत्रकातही होतं.

२०१९ साली इथल्या एका नागरी हक्क संघटनेच्या मागणीवरून पिंटरेस्टनं आणि ‘द नॉट’ या लग्नाच्या जागा सुचवणाऱ्या मोठ्या कंपनीनं जुन्या गुलाममळ्यांची ‘रम्य लग्नस्थळ’ म्हणून भलामण थांबवायचं ठरवलं. अमेरिकन समाजाला हे कळायला दीडशे वर्षं लागली, पण कळलं तरी. आमच्या घरांत त्यावर अवाक्षर निघालं नाही. का? तर ‘तो त्यांचा इतिहास, आपला काय संबंध?’ मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता मी त्याला सभ्य उत्तर देत नाही. ज्या क्षणी तुम्ही त्या जागेचं भाडं भरलंत, त्या क्षणी संबंध आला. तुम्ही इथे घर घेता, मतदान करता, मुलांना इथल्या शाळांत घालता, इथल्या गुलामांच्या नातवंडांनी रस्त्यावर उतरून मिळवलेल्या नागरी हक्कांच्या जोरावर १९६५नंतर या देशाचे दरवाजे तुम्हाला उघडतात, आणि इतिहास मात्र ‘त्यांचा’?

याच घरांत, मॉरिसव्हिलच्या नव्याकोऱ्या तीन मजली जोडघरांत, न्हाणीघराला तबेल्याचा सरकता दरवाजा असतो. वर लोखंडी पट्टी, तिच्यावर चाकं, खाली मुद्दाम ओरखडे पाडलेली फळी. दूरचित्रवाणीवरच्या घरसजावटीच्या कार्यक्रमांनी ही साथ पसरवली. तबेल्याला सरकता दरवाजा होता कारण उघडझाप करणारं रुंद दार घोड्याच्या मार्गात आलं असतं आणि वादळात बिजागरीतून उखडलं असतं. न्हाणीघराला त्याचा उपयोग शून्य. तो नीट बंद होत नाही, आवाज अडवत नाही, वास अडवत नाही. आणि ज्यांना खोटे ओरखडे पुरत नाहीत, त्यांच्यासाठी खरे जुने तबेले उभेच्या उभे उतरवून त्यांच्या फळ्या भिंतीला लावायला विकल्या जातात. दीडशे वर्षांची इमारत मोडून टीव्हीच्या मागची भिंत सजवायची. याला रसिकता म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. मला ते थांबवायचं आहे.

‘मग काय, तबेले पडू द्यायचे?’ हा प्रश्न येतोच, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. नाही, पडू द्यायचे नाहीत. जगानं घोडे सोडून मोटारी घेतल्यावर हजारो तबेले रिकामे झाले आणि त्यांतले कित्येक नव्या वापरामुळेच वाचले. व्हिएन्नात सम्राटाच्या तबेल्यांत २००१पासून संग्रहालयांचं अख्खं संकुल आहे, आणि घोडे फिरवायच्या हिवाळी दालनात नाटकं होतात. ब्रायटनला इंग्लंडच्या राजपुत्रानं १८०३ ते १८०८ या काळात घोड्यांसाठी ऐंशी फूट व्यासाचा घुमट बांधला, तोही हिंदुस्थानी धाटणीचा. १८६७ साली त्याचं संगीतसभागृह झालं. पहिल्या महायुद्धात त्याच घुमटाखाली जखमी हिंदी शिपायांच्या खाटा मांडल्या होत्या. पुढे १९३०च्या दशकात आतून सगळं नव्यानं सजवलं गेलं. आज तिथल्या खुर्चीत बसून वर पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही की इथे घोडे होते. मला ब्रायटनचं उदाहरण त्यासाठीच महत्त्वाचं वाटतं: घुमट वाचला, तबेला गेला. इमारत वाचवणं आणि तिच्यातलं ज्ञान वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

होऊ शकतं कसं, तेही सांगते, कारण मी ते करते. खण काढू नका, त्यांच्यात बसायच्या जागा करा, प्रत्येक खणात आठ-दहा माणसं आरामात बसतात. मधली मोकळी वाट पंगतीला पुरते. उताराच्या जमिनीवर काँक्रीट ओतण्याऐवजी उचलता येईल असा लाकडी तक्ता टाका आणि नाल्याची एक पट्टी उघडी ठेवा. स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं, यंत्रं हे सगळं शेजारी स्वतंत्र छपराखाली बांधा, जुन्या भिंतीला न टेकता. आढ्यावरचं तोंड उघडं ठेवलं तर मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या हवेत यंत्राची गरजही लागत नाही. त्या छताची रचनाच गर्दीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी झालेली आहे. मग जुलैत लग्न लागणार नाही. न लागू दे. पाहुणे दोनशेऐवजी नव्वद बसतील. नव्वदच बोलवा.

इतकं सगळं करूनही एक प्रश्न उरतो, की त्या जागेत आता कोण येणार. त्याचं उत्तर मला पुण्यात सापडतं.

लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा. पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा होती ती जागा. तिथे मुलींची शाळा उभी राहिली. १८८४ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित या माणसांनी मुलींसाठी हायस्कूल काढलं. हायस्कूल म्हणजे शिवणटिपण आणि स्तोत्रं शिकवणारा वर्ग नव्हे, इंग्रजी आणि गणित शिकवणारं हायस्कूल. टिळकांनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून त्या अभ्यासक्रमावर आसूड ओढले. मुलींना इतकं शिकवलं तर घरं मोडतील, असं त्या काळी पुण्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटत होतं. शाळा बंद पडली नाही. ब्रह्मदेशात वाढलेली इरावती सात वर्षांची असताना तिथल्या वसतिगृहात आली आणि पुढे इरावती कर्वे झाली. शांता शेळके तिथेच शिकल्या. मराठी घरांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांना तिथे पहिल्यांदा बाकावर बसून बीजगणित सोडवायला मिळालं.

पेशवाईत त्या आवारात मुलीला काय जागा होती? जिथे स्वाराचा मान होता, घोड्याचा मान होता, जिथून मुलूखगिरीला फौजा निघत, तिथे ज्यांना कधीच प्रवेश नव्हता त्यांना आत आणून बसवणं, याला मी रूपांतर म्हणते. घोडदळाच्या वैभवाचं प्रदर्शन मांडून तिकीट लावता आलं असतं. पेठेतली मोक्याची जागा होती, बाजार बांधता आला असता. त्या माणसांनी शाळा बांधली, शिव्या खाल्ल्या आणि चालवली.

पुण्याला मी सूट देत नाही. पागेच्या चंदी-वैरणीचे हिशेब मोडी कागदांत सापडतात, पण खरारा करणाऱ्यांच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या? आपण वाडे जपतो म्हणजे दिंडीदरवाजा आणि नगारखाना जपतो. पहिल्या चौकातली घोडे बांधायची पडवी कधीच स्कूटरच्या स्टँडखाली गेलेली असते. मुंबईची ट्राम १८७४ साली सुरू झाली ती शेकडो घोड्यांच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांच्या बळावर, १९०७ साली वीज आली आणि दोघंही आठवणीतून पुसले गेले. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया गाड्या बंद करायचा आदेश दिला. घोड्यांचे हाल पाहता तो आदेश योग्यच होता, पण तबेल्यांतल्या माणसांचं पुढे काय, यावर शहरानं फार डोकं शिणवलं नाही. खोटं रूपांतर ही अमेरिकेची मक्तेदारी नाही.

पण मी इथे राहते, म्हणून इथलं बोलते. आमच्या ओळखीच्या मंडळात पुढच्या वर्षीच्या एका मोठ्या कार्यक्रमासाठी असाच एक ‘ऐतिहासिक’ तबेला सुचवला गेला आहे. मी विरोधात मत देणार आहे आणि कारणं लेखी देणार आहे. जागा घ्यायचीच असेल तर मालकाशी बोलताना मला सोबत न्या. मी त्यांना विचारीन की बांधणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसांची नावं शोधायला तुम्ही काय केलंत, आणि सापडली असतील तर ती भिंतीवर का नाहीत. त्यांना नावं शोधायची असतील तर डरहममध्ये अभिलेखागारं आहेत, स्टॅगव्हिलला जाणकार माणसं आहेत, मी स्वतः शनिवारी येऊन मदत करीन. नको असेल तर आपल्याला जागांची कमतरता नाही. मॉरिसव्हिलमध्येच हिंदू सोसायटीचं सभागृह आहे, शाळांची सभागृहं सुट्टीच्या दिवशी मिळतात. वाचलेल्या भाड्यातून त्या दिवशी राबणाऱ्या प्रत्येकाला, वाढप्यांपासून घोडी धरणाऱ्यापर्यंत, आपल्या पंगतीत बसवून जेवू घालता येईल, आणि त्याचा ठराव मंडळाच्या जागा ठरवण्याच्या बैठकीतच व्हावा अशी माझी मागणी आहे.